ध्यानात 'मी' विरघळला, आता देव्हाऱ्यातल्या विठोबाला पाणी कोणासाठी घालू?

निळी_शाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण जवळच्या माणसांशी हे बोलता येत नाहीये म्हणून इथे लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या हिवाळ्यात इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. मी काही फार साधना वगैरे करणारी नाही, ऑफिसच्या ताणाने झोप उडाली होती आणि एका मैत्रिणीने सुचवलं म्हणून गेले. आधी श्वासावर लक्ष, मग चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघायच्या, हे सगळं सांगितल्याप्रमाणे करत गेले. शेवटी शेवटी एका बैठकीत असं झालं की शरीराच्या कडाच लागेनात. गुडघ्यात कळ होती, पण ती ज्याला दुखते तो कोणी सापडेना. भीती अजिबात वाटली नाही. उलट इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. बाहेर आले तर समोरचं झाड, रांगेत उभ्या असलेल्या बायका, धुतलेली ताटं, सगळं सारखंच जिवंत वाटत होतं आणि त्यात मी वेगळी अशी नव्हतेच. दुसऱ्या दिवसापर्यंत ते विरलं.

आता खरी अडचण. माझी आई वारकरी. गळ्यात माळ, एकादशी, हरिपाठ, सगळं मनापासून. आता संधिवाताने तिचे हात इतके आखडलेत की मूर्ती हातातून निसटते, म्हणून तिने रोजची पूजा माझ्याकडे दिली. मी विठोबाच्या पितळी मूर्तीला पाणी घालते, पुसते, गंध लावते आणि आतून सारखं येतं की हे काय करतेय मी. मला जे जाणवलं त्याला आकार नव्हता, नाव नव्हतं, माझं ऐकून घेणारं तिथे कोणी नव्हतं. मग हे पाणी नक्की कोणाला?

तर मला विचारायचंय की तो अनुभव म्हणजे ज्याला लोक आत्मज्ञान म्हणतात त्याची काही चुणूक होती का नुसता थकलेल्या मेंदूचा प्रकार, आणि देव म्हणजे कोणीतरी आहे का फक्त हे असं 'असणं' आहे, आणि सगळ्यात जास्त टोचतंय ते म्हणजे मनात भाव नसताना मी पूजा करते आणि आई समाधानाने बघत बसते, ही तिची फसवणूक नाही का? कृपया 'श्रद्धा ठेवा सगळं ठीक होईल' असं सांगू नका. तेवढ्याने भागत असतं तर लिहिलंच नसतं.

भीमातीर

राम कृष्ण हरी ताई. तुमचा प्रश्न वाचून नामदेव महाराज आठवले. गोष्ट तुम्हाला माहीतच असणार, पण ती अर्धीच सांगितली जाते असं माझं मत आहे म्हणून परत सांगतो.

संतमंडळी जमलेली असताना मुक्ताईने गोरोबाकाकांना म्हटलं की तुम्ही कुंभार, यातलं कुठलं मडकं कच्चं ते सांगा. काका थापटी घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत गेले, सगळे गप्प बसले आणि नामदेव मात्र रागावले. ठरलं, नामा कच्चा. नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले तर खुद्द विठ्ठलानेच सांगितलं की तुला गुरू नाही, विसोबा खेचरांकडे जा. औंढ्या नागनाथाच्या देवळात जाऊन बघतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. पाय काढा म्हटल्यावर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच उचलून ठेव. आणि नामदेव जिथे पाय ठेवायला जातील तिथे पिंड.

कीर्तनात इथपर्यंत आलं की सगळे खूश होतात, देव सगळीकडे आहे झालं, संपली गोष्ट. पण मला कायम पुढचं महत्त्वाचं वाटत आलंय. देव चराचरात आहे हे कळल्यावर नामदेवांनी काय केलं? विटेवरचा सोडून दिला का? ते परत पंढरीलाच आले, त्याच विटेपुढे टाळ घेऊन उभे राहिले आणि जन्मभर कीर्तन केलं. पुढे पार पंजाबात गेले, गुरदासपूर जिल्ह्यात घुमान आहे तिथे राहिले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत, जिथे मूर्तिपूजा नाही अशा धर्माच्या ग्रंथात. आणि त्याच माणसाची पायरी पंढरपूरच्या महाद्वारात, येणाऱ्या वारकऱ्याच्या पायाची धूळ लागावी म्हणून. १२७० ते १३५० असं ८० वर्षांचं आयुष्य, त्यात सगुण पण मावलं आणि निर्गुण पण मावलं. आणि हे पण बघा की निर्गुण शिकायला पाठवलं कोणी, तर सगुण विठ्ठलाने.

तुम्हाला इगतपुरीला जे जाणवलं ते काय होतं हे मी सांगू शकत नाही, तो माझा अधिकार नाही. पण त्यामुळे मूर्ती खोटी ठरते असं नामदेवांना तरी वाटलं नाही. आषाढीला गर्दीत कितीजणांना आत जायलाच मिळत नाही, कळस बघतात, हात जोडतात आणि त्याच आनंदात घरी परततात. त्यांना दर्शन झालं नाही असं कोण म्हणेल.

धम्मपथ

जय भीम. मी स्वतः विपश्यनेचा जुना साधक आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो आणि मग भीमातीर काकांशी थोडं असहमत होतो.

शिबिरात विपश्यना शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींच्या प्रवचनात हे सगळं आलेलं आहे, ताईंनी आठवून बघावं. शरीराचा घट्टपणा जातो, सगळीकडे नुसत्या लहरी वाटतात, त्याला भंग म्हणतात. आणि लगेच ताकीद पण दिलेली असते की याला धरून बसू नका, हे पण अनित्य आहे, ते परत हवं म्हणून बसलात की नवीन तृष्णा सुरू. त्यामुळे ते आत्मज्ञान होतं का या प्रश्नाला माझं उत्तर असं की ते पक्कं ठरवण्याची घाईच करू नका. राग लवकर निवळतो का, कोणी टोचून बोललं तर किती वेळ आत जळत राहतं, हे बघा. तिथे फरक पडत असेल तर साधना चाललीय.

देव कोण आहे असल्या वादापेक्षा भगवान बुद्धांनी दुःख दूर करण्याला महत्त्व दिलं. जग शाश्वत की अशाश्वत, तथागत म्हणजे बुद्ध मृत्यूनंतर असतो की नसतो असले प्रश्न मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूने लावून धरले, तेव्हा त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला. तो म्हणतो आधी सांगा बाण कोणी मारला, त्याचं गाव कुठलं, धनुष्य कसलं, मगच बाण काढू देईन, आणि तेवढ्यात मरून जातो. मला हे फार पटतं. आमच्या घरात आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरातले देव त्यानंतर गेले. मी देवाशिवाय वाढलो, ध्यान करतो, आणि मला काही उणं पडलंय असं कधी जाणवलं नाही.

आता असहमती. काका, देव सर्वत्र आहे हे औंढ्याला कळलं म्हणता, बरोबर, पण त्याच पंढरपुरात त्याच काळात चोखोबा महाद्वाराबाहेर उभे होते. नामदेवांनी त्यांना शिष्य मानलं, १३३८ ला मंगळवेढ्याला वेशीचं बांधकाम कोसळून चोखोबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून आणून महाद्वारासमोर समाधी केली, हे नामदेवांचं मोठेपण आहेच, मी ते मानतो. पण समाधी दाराबाहेरच झाली ना. देऊळ सगळ्यांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षं लोक चराचरात देव म्हणून अभंग गात होते आणि दारात माणूस अडवत होते. म्हणून कोणाला किती उच्च अनुभव आला यावर माझा भरवसा नाही. माणूस माणसाशी कसा वागतो एवढंच मी बघतो.

तिसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर आईला खरं सांगा. शीलात, म्हणजे आचरणाच्या नियमांत, खोटं न बोलणं आहे, त्यावर बाकीचं उभं राहतं.

भीमातीर

धम्मपथ दादा, मी मंगळवेढ्याच्या बाजूचाच आहे, तुमचं एक अक्षर खोडता येणार नाही आणि खोडायचंही नाही. आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत दिंडीत पंगती वेगळ्या बसायच्या हे मी घरात ऐकलेलं आहे. तरी एक मांडतो. दारात अडवलेल्या चोखोबांच्या घरातूनच त्यांच्या पत्नी सोयराबाईंचा 'अवघा रंग एक झाला' हा अभंग आला. ज्यांना देऊळ बंद होतं त्यांना तो दिसला, आणि ज्यांच्या हातात किल्ल्या होत्या त्यांच्याबद्दल खात्री नाही. हे तुमच्याच बाजूचं बोलतोय मी.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, अध्यात्मातलं कळत नाही, पण मेंदूचा प्रकार का असं विचारलंय म्हणून थोडक्यात. शरीर कुठे संपतं आणि बाहेरचं जग कुठे सुरू होतं हे मेंदू सतत जुळवत असतो, त्यात पार्श्वखंडाचा, म्हणजे मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाचा, मोठा वाटा असतो. दहा दिवस मौन, तासन् तास एका जागी बसणं, डोळे मिटलेले, आहार कमी, झोपेची वेळ बदललेली, अशात ती हद्द सैल होऊ शकते. म्हणजे 'कसं घडलं' याला उत्तर आहे. पण त्यावरून त्याला अर्थ नव्हता असं मी म्हणणार नाही, आईचं प्रेम पण मेंदूतच घडतं.

एक मात्र कळकळीने सांगतो. असा अनुभव आल्यावर आठवडेच्या आठवडे जग खोटं, काचेपलीकडचं वाटत राहणं, झोप न लागणं, घरच्यांबद्दल काहीच न वाटणं, अचानक दरदरून भीती, यातलं काही असेल तर ध्यान थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. ती साधनेची पायरी आहे, सहन कर, असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकून उशिरा आलेले पेशंट मी बघितलेत.

निळी_शाई

डॉक्टर, धन्यवाद, झोप उलट शिबिरानंतरच सुधारली आणि तसं काही होत नाहीये, पण लिहिलंत ते बरं केलंत.

धम्मपथ दादा, राग लवकर निवळतो का हे विचारलंत त्याचं उत्तर शोधत बसले काल. ऑफिसमध्ये हो, घरात नाही. आईवर अजून तसंच वसकन येतं अंगावर. आणि सगुण निर्गुण या वादापेक्षा कदाचित हेच जास्त महत्त्वाचं आहे. पण खरं सांगा म्हणता, तर सांगू काय? 'तुझा विठोबा नाहीये' हे पण मला खरं वाटत नाहीये. नाहीये असं म्हणायला गेलं तरी जीभ अडते.

खेतवाडीकर

उशीर झाला यायला. जीभ अडते हे वाचलं आणि वाटलं आता लिहावंच.

आमचं लहानपण गिरगावात गेलं, आणि खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत निसर्गदत्त महाराज राहायचे. मूळचे मारुती कांबळी, जन्म १८९७, मालवणाकडच्या कांदळगावचे. विड्यांचं दुकान, संसार, मुलंबाळं, म्हणजे कुठे हिमालयात बसलेला माणूस नव्हे. १९३३ ला सिद्धरामेश्वर महाराज भेटले, त्यांनी सांगितलं की 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा, बाकी काही करू नकोस, आणि यांनी ते धरलं. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश गृहस्थांनी त्यांची मराठीतली बोलणी इंग्रजीत आणली, १९७३ ला पुस्तक आलं, मग युरोप अमेरिकेतून माणसं त्या गल्लीत यायला लागली आणि छोट्याशा माळ्यावर दाटीवाटीने बसायला लागली. आणि महाराज त्यांना मराठीत सांगायचे, रोखठोक, की तू शरीर नाहीस, मन नाहीस, तू म्हणतोस तो देवसुद्धा तुझ्या जाणिवेशिवाय कुठे उभा राहतो ते दाखव. ऐकणाऱ्याच्या पायाखालचं काढून घ्यायचे अक्षरशः.

आणि मग त्याच माळ्यावर भजन व्हायचं. झांजा घेऊन, आरतीसकट, रोज. गुरूंनी घालून दिलेली रीत म्हणून. सिद्धरामेश्वर महाराज १९३६ लाच गेले होते आणि हे १९८१ पर्यंत होते, घशाचा कॅन्सर झाला, तर बघा किती वर्षं ती रीत पाळली असेल. ज्याला देवाचं नाव रूप पुसलं गेलंय तो फोटोला गंध लावतो, हार घालतो, यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं. मला हे समजायला फार काळ लागला, आधी वाटायचं की हे लोकांसाठी करत असतील, पण तसं नाही, मागायचं काही उरलं नाही म्हणून भजन थांबावं असं थोडंच आहे, उलट मागणं संपल्यावरच ते नुसतं गाणं होतं. रमण महर्षींचं पण तेच. १८९६ ला मदुराईत सोळाव्या वर्षी मृत्यूची भीती येऊन आडवे झाले आणि मरतं ते शरीर, मी नाही, हे लख्ख कळलं, आणि त्यानंतर काय केलं तर मीनाक्षीच्या देवळात जाऊन उभे राहायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. आधी क्वचितच जायचे. पुढे तिरुवण्णामलईला जाऊन अरुणाचल डोंगरावर स्तोत्रं रचली, आणि ती आर्त आहेत, प्रियकराला हाक मारावी तशी.

तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल, महाराजांच्या वाटेने बोलायचं तर अनुभव आला आणि गेला म्हणता ना, मग जे येतं जातं त्याच्यामागे कशाला लागायचं? तो आला हे ज्याला कळलं आणि विरला हेही ज्याला कळलं, ते आत्ता हे वाचताना पण आहे. तिकडे बघा. त्याला ते देव म्हणायचे, वेगळा कोणी वर बसलेला नाही.

आणि पूजेबद्दल ज्ञानेश्वर माउलींनी अमृतानुभव या ग्रंथात सांगून ठेवलंय. एकच डोंगर कोरून त्यातच देव, त्यातच देऊळ आणि त्यातच देवाचा परिवार करता येतो, तसा एकपणात राहून भक्तीचा व्यवहार का होऊ नये. हे ज्यांना नुसतं वाचून पटत नाही त्यांनी वेरूळला कैलास लेण्यापुढे उभं राहावं. नंदी, खांब, हत्ती, शिखर आणि आतली पिंड, सगळा एकच काळा खडक, वरून खाली कोरत आणलेला, कुठे सांधा नाही. तिथे कोणी पिंडीला नमस्कार केला तर खडकच खडकाला नमस्कार करतो. तो नमस्कार खोटा आहे असं म्हणवत नाही.

धम्मपथ

खेतवाडीकर, सुंदर लिहिलंत. मी तरीही पिंडीपुढे वाकणार नाही, पण तुम्ही का वाकता ते कळलं.

ताई, 'नाहीये असंही म्हणवत नाही' हेच आईला सांगा की. ते पण खरंच आहे.

जात्यावरची

सगळे पुरुष मोठमोठं बोलून गेले म्हणून थोडं वेगळं लिहिते, रागावू नका कोणी.

आमच्या गंगाखेडची जनाबाई घ्या. नामदेवांच्या घरी राबणारी. तिचा विठोबा देवळात कमी आणि घरात जास्त, तो तिच्याबरोबर दळतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, तिची वेणी घालतो. आणि तीच जनी त्याला चिडून अशा शिव्या घालते की आजही कीर्तनकार तो अभंग म्हणायला कचरतात. आणि तिचेच शून्याबद्दलचे अभंग पण आहेत, योगातले, ते वाचले तर ताईंना इगतपुरी आठवेल. म्हणजे आधी मूर्ती मग निराकार अशी शाळेतल्या इयत्तांसारखी रांग तिच्याकडे नाहीच, दोन्ही एकाच दिवसात, एकाच जात्यावर. ताई, तुमच्याकडे जनीचं भांडण नाहीये एवढंच कमी आहे बघा. भाव नाही तर नाही, मग त्याच्याशी भांडा ना पूजा करताना. 'आहेस का रे, मला तर तिकडे कोणी दिसलं नाही,' असं त्या पितळी विठोबाला म्हणायला काय हरकत आहे? ते खोटं तरी होणार नाही.

आणि दुसरं. आईची फसवणूक होते का एवढा विचार केलात, पण आईच्या हातातलं काम गेलं याचा कोणीच विचार केलेला दिसला नाही मला. जन्मभर स्वतः केलेली पूजा ती आता लांबून बघत बसते. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही मूर्ती तामणात ठेवायचो, खाली ओला पंचा घालायचा म्हणजे घसरत नाही, आणि पळीऐवजी धरायला जाड असा लहान पेला द्यायचो, पाणी त्याच घालायच्या. सांडायचं, सांडू दे. पुसायचं काम माझं. गंध लावताना मी मनगट धरायची, बोट त्यांचंच. वेळ दुप्पट लागतो, सकाळची थोडी घाई सोडावी लागते.

निळी_शाई

जात्यावरची ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. पंचा आणि पेला, उद्यापासूनच करते. पूजा कोणाला पोचते हा प्रश्न माझ्यापुरता अजून आहेच, पण तो आईच्या शेजारी बसून विचारता येईल असं वाटतंय, आणि तिला सांगेन पण, धम्मपथ दादा म्हणतात तसं.

खेतवाडीकर काका, अमृतानुभव मला झेपेल का? ज्ञानेश्वरी पण मी सलग वाचलेली नाही.

खेतवाडीकर

झेपेल. दहा प्रकरणं आहेत आणि साधारण आठशे ओव्या, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या मानाने अगदीच लहान. सार्थ प्रत घ्या, नुसत्या ओव्या घेतल्यात तर अडकाल. पहिलं प्रकरण शिवशक्तीचं, ते सावकाश वाचा, नवराबायको इतके एक की घरात दोघं असून दुसरं कोणी नाही असं सगळं आहे त्यात, गोड आहे फार. मग सरळ नवव्यावर जा. डोंगराची ओवी तिथेच आहे. सातवं सगळ्यात मोठं आणि अवघड, अज्ञानाचं खंडन, त्यात पहिल्यांदा शिरू नका, बरेच लोक तिथे पुस्तक ठेवून देतात. आणि आईला हरिपाठ पाठ असेल तर तिच्यासमोर मोठ्याने वाचा, शब्द अडले तर तिला विचारा, जुन्या मराठीचा कान वारकऱ्यांना आपल्यापेक्षा चांगला असतो.